सुप्त ठसे: पद्धती सगळ्यांना पाठ, अडतं ते क्रमावर

रेषावेध

बोटांचे सुप्त, म्हणजे नुसत्या डोळ्यांना न दिसणारे ठसे दिसते करण्याच्या पद्धती विचारल्या की पावडर, आयोडीन, निनहायड्रिन, सुपरग्लू ही यादी कुणीही घडाघडा म्हणून दाखवतं. पण समोर एक ओलं होऊन वाळलेलं पाकीट आणि चिकटपट्टीचा गुंडाळा ठेवला की तीच माणसं गप्प होतात. कारण प्रत्येक पद्धत ठशातला काही ना काही भाग खर्च करते, धुऊन टाकते किंवा झाकून टाकते. म्हणून धागा क्रमाबद्दल काढतोय. जाणकारांनी भर घालावी.

आधी ठशात असतं काय ते पाहू. तळहाताला आणि बोटांच्या पेरांना तैलग्रंथी नसतात, तिथे फक्त घामाच्या एक्राइन ग्रंथी. त्या घामात ९८ टक्क्यांहून जास्त पाणी. उरलेल्यात मीठ, अमिनो आम्लं, युरिया, लॅक्टिक आम्ल. स्क्वालीन, मेदाम्लं असा तेलकट भाग येतो तो चेहऱ्याला, केसांना हात लागल्यामुळे. म्हणजे एका ठशात पाण्यात विरघळणारा आणि न विरघळणारा असे दोन माल असतात, आणि कुठला शिल्लक आहे यावर पुढचं सगळं ठरतं.

कागद, पुठ्ठा, कच्चं लाकूड हे शोषून घेणारे पृष्ठभाग. अमिनो आम्लं कागदाच्या तंतूंना धरून राहतात, त्यामुळे कोरड्या जागी ठेवलेल्या कागदावर ती वर्षानुवर्षं टिकतात. मीठ मात्र हवेतल्या ओलाव्याबरोबर पसरतं, म्हणून १८९१ पासून माहीत असलेली सिल्व्हर नायट्रेटची पद्धत जुन्या ठशाला धूसर रेषा देते. काच, प्लॅस्टिक, रंगवलेला पत्रा यांवर सगळा माल वरच बसलेला असतो. तो एका फडक्यात जातो.

कोरड्या कागदाचा क्रम: डोळ्यांनी आणि प्रकाशाने तपासणी, मग इंडानडायोन किंवा डीएफओ, मग निनहायड्रिन (तिन्ही अमिनो आम्लांवर काम करणारी रसायनं), शेवटी फिजिकल डेव्हलपर (चांदीचं द्रावण).

न शोषणाऱ्या पृष्ठभागाचा क्रम: डोळे आणि प्रकाश, सोय असेल तर व्हॅक्यूम मेटल डिपॉझिशन (निर्वातात धातूचा पातळ थर बसवणं), मग सुपरग्लूची वाफ, मग रंगद्रव्य.

अधलेमधले, म्हणजे गुळगुळीत मासिकाचा कागद, वॉर्निश केलेलं लाकूड, मेणचट पुठ्ठा: आधी सुपरग्लू, मग चुंबकी पावडर, आणि त्यानंतर अमिनो आम्लांवरचे रिएजंट. उलट केलं तर द्रावणाने वरचा तेलकट ठसा आधीच निघून जातो.

प्रत्येक पायरीआधी फोटो. मोजपट्टी ठेवून, कॅमेरा पृष्ठभागाला समांतर, मूळ आकारात किमान १००० पिक्सेल प्रति इंच. पुढच्या पायरीने ठसा सुधारेलच याची हमी कुणी देत नाही.

---

पिवळा_गॉगल

चांगला धागा. वाचनखूण साठवली.

निनहायड्रिनबद्दल लिहितो. १९१० मध्ये रुहेमानने शोधलं आणि १९५४ मध्ये ओडेन आणि फॉन हॉफस्टेन यांनी ठशांसाठी सुचवलं. आजही कागदाला पहिली आठवण याचीच होते, पण निम्मे प्रयोग द्रावण बनवतानाच बिघडतात.

रूढ कृती अशी: निनहायड्रिन ५ ग्रॅम, निर्जल इथेनॉल ४५ मिली, इथाइल अॅसिटेट २ मिली, अॅसिटिक आम्ल ५ मिली. हे पूर्ण विरघळवून एचएफई ७१०० या द्रावकाने १ लिटर करायचं. पूर्वी या जागी सीएफसी ११३ असायचं. ओझोनमुळे ते बंद झालं. मग ३एम कंपनीने डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर केलं की २०२५ अखेरपर्यंत अशा फ्लुओरिनयुक्त रसायनांचं उत्पादन थांबवणार, त्यामुळे एचएफईलाही पर्याय शोधले जाऊ लागले. हेप्टेन, पेट्रोलियम ईथर ही द्रावकं चालतात, पण पेट घेतात. तापवायच्या ओव्हनमध्ये तो कागद पूर्ण वाळल्याशिवाय घालायचा नाही.

कागद ट्रेमध्ये चिमट्याने एकदाच ओढून काढायचा, पाच सेकंदांहून कमी. धूर-कपाटात वाळवायचा. मग ८० अंश सेल्सिअस आणि ६२ ते ६५ टक्के आर्द्रता असलेल्या चेंबरमध्ये दोन-तीन मिनिटं. चेंबर नसेल तर अंधारात, खोलीच्या तापमानाला ठेवून द्या. एक-दोन दिवसांत रेषा दिसू लागतात आणि नवे ठसे आठवडा-दोन आठवडे उमटत राहतात. घाई नसेल तर या मार्गाने पार्श्वभूमी जास्त स्वच्छ राहते.

बिघाड आणि त्यांची कारणं:

द्रावणाचे दोन थर पडले तर त्यात पाणी शिरलंय. बहुधा इथेनॉल निर्जल नव्हतं. ते द्रावण टाकून द्या, ढवळून वापरू नका.

पेनची शाई पसरली तर अल्कोहोल जास्त झालंय किंवा कागद बुडवून ठेवला गेलाय. हस्ताक्षराची तपासणी बाकी असेल तर ती आधी.

सगळा कागदच जांभळा झाला तर तीन संशयित: चेंबरमध्ये वाफ जास्त, कागदाला जिलेटिनचा लेप (जुन्या जाड कागदांत असतो), किंवा कुणीतरी उघड्या हाताने तो हाताळला. एक पातळ हातमोजाही पुरत नाही, घामट हाताचा ठसा त्यातून उमटू शकतो. दोन जोड्या घाला.

वाफेची इस्त्री फिरवण्याचा सल्ला अजून ऐकू येतो. इस्त्री कागदाला टेकवलीत की पाण्याचे थेंब पडतात आणि रेषा विरघळतात. वापरायचीच तर अधांतरी धरा.

---

तळटीप

डीएफओ आणि इंडानडायोन दोन्ही निनहायड्रिनच्या आधीच का? तिन्ही अमिनो आम्लांवरच काम करतात ना? मग एकाने सगळं खाऊन टाकलं तर पुढच्याला उरतं काय?

---

रेषावेध

@तळटीप, डीएफओ सगळी अमिनो आम्लं खात नाही, म्हणून त्यानंतर निनहायड्रिनला काम उरतं आणि नवे ठसेही मिळतात. उलट क्रम केला तर निनहायड्रिननंतर डीएफओ जवळजवळ काहीच देत नाही. डीएफओ आणि इंडानडायोन या दोघांपैकी मात्र एकच निवडायचं.

डीएफओला कोरडी उष्णता लागते: १०० अंश, २० मिनिटं. ओलावा असला की प्रक्रिया अडते. इंडानडायोनच्या द्रावणात झिंक क्लोराइड घालतात, त्यामुळे हवेतल्या ओलाव्यावरचं अवलंबित्व बरंच कमी होतं. १०० अंशांना १० मिनिटं किंवा हीट प्रेसमध्ये १६५ अंशांना १० सेकंद पुरतात. दोन्हींचे ठसे ५३० नॅनोमीटरच्या आसपासच्या हिरव्या प्रकाशात, नारिंगी किंवा लाल फिल्टरमधून बघायचे. नुसत्या डोळ्यांना फिकट गुलाबी काहीतरी दिसेल किंवा काहीच दिसणार नाही. 'काही आलं नाही' असं दिव्याखाली पाहिल्याशिवाय लिहू नका.

निनहायड्रिनचा ठसा क्षीण असेल तर त्यावर झिंक क्लोराइडचा फवारा. जांभळ्याचा नारिंगी होतो आणि निळ्या-हिरव्या प्रकाशात चमकतो. द्रव नायट्रोजनमध्ये गार केल्यावर ती चमक आणखी वाढते.

---

कुपी

थर्मल कागदाची पावती आली तर वरचा सगळा क्रम जसाच्या तसा लावू नका. उष्णतेने तो काळा होतोच, पण इथेनॉल आणि अॅसिटिक आम्लानेही त्याचा लेप काळवंडतो. म्हणजे चेंबरमध्ये जायच्या आधी, ट्रेमध्येच घात होतो.

थर्मल बाजू ओळखायला एका कोपऱ्यावर नखाने जोरात रेघ ओढा. घर्षणाच्या उष्णतेने काळी रेघ उमटली की तीच बाजू. अर्थात हा कोपरा आधी प्रकाशात तपासून मगच.

यातून दोन वाटा निघतात. एक, अॅसिटोनने किंवा इथेनॉलने लेप धुऊन काढायचा आणि मग नेहमीसारखं निनहायड्रिन. छापलेला मजकूरही त्याबरोबर जातो, म्हणून दोन्ही बाजूंचा फोटो आधी. दुसरी, डीएमएसी (ठशाशी प्रक्रिया करणारं रसायन) लावलेल्या कोरड्या कागदांच्या मध्ये पावती रात्रभर दाबून ठेवायची. उष्णता नाही, द्रावक नाही, मजकूर शाबूत. ठसा फ्लुओरेसन्सनेच, म्हणजे खास दिव्याखाली येणाऱ्या चमकेनेच दिसतो.

---

क्षारकण

ओल्या कागदाबद्दल मूळ लेखात फक्त उल्लेख आलाय, म्हणून सविस्तर.

कागद एकदा भिजला की अमिनो आम्लं गेली. त्यावर निनहायड्रिनचा खटाटोप करण्यात अर्थ नाही. उरतो तो न विरघळणारा तेलकट भाग, आणि त्यासाठी फिजिकल डेव्हलपर किंवा ऑइल रेड ओ (तेलकट भागाला लागणारा रंग). ओला कागद खोलीच्या तापमानाला, एकेक सुटा ठेवून वाळवा. गठ्ठा वाळवला तर पानं चिकटतात, हीटरवर धरलं तर तेलकट भाग पसरतो.

फिजिकल डेव्हलपर म्हणजे चांदीचं अतिशय नाजूक तोललेलं द्रावण. फेरस आणि फेरिक लोह चांदीला हळूहळू क्षपित करत असतात, आणि ती चांदी ठशाच्या रेषांवर राखाडी-काळी बसते.

आधी मॅलेइक आम्लाची आंघोळ: लिटरभर पाण्यात २५ ग्रॅम, १० मिनिटं किंवा बुडबुडे थांबेपर्यंत. ही पायरी कधीच गाळू नका. आजच्या बहुतेक कागदांत भरण म्हणून कॅल्शियम कार्बोनेट असतं. ते आम्लाने काढलं नाही तर अल्कधर्मी कागदावर चांदी सगळीकडे बसते आणि अख्खं पान काळं होतं, परतीचा मार्ग नाही.

कामाचं द्रावण: ९०० मिली पाण्यात फेरिक नायट्रेट ३० ग्रॅम, फेरस अमोनियम सल्फेट ८० ग्रॅम, सायट्रिक आम्ल २० ग्रॅम, याच क्रमाने, एक विरघळल्यावर दुसरं. त्यात डिटर्जंटचं साठा-द्रावण ४० मिली. शेवटी ५० मिली पाण्यात विरघळवलेलं सिल्व्हर नायट्रेट १० ग्रॅम, ढवळत ढवळत. पाणी विआयनीकृतच हवं. नळाच्या पाण्यातल्या क्लोराइडने दुधी साका येतो.

कागद १० ते १५ मिनिटं हलवत ठेवायचा, रेषा पुरेशा गडद झाल्या की बाहेर, मग पाणी बदलत भरपूर धुवायचा. ट्रेवर ओरखडे असतील तर चांदी तिथे बसते. धातूचा चिमटा चालत नाही, दात असलेला प्लॅस्टिकचाही नाही. दातांच्या खुणा कागदावर काळ्या उमटतात. काम संपल्यावर ट्रे घासणीने घासू नका, नाहीतर पुढच्या वेळचे ओरखडे तुम्हीच तयार करून ठेवाल.

पार्श्वभूमी फार गडद वाटली तर सोडियम हायपोक्लोराइटची सौम्य आंघोळ देतात. कागद उजळतो, रेषा काळ्या होतात, आणि निनहायड्रिनचा उरलासुरला जांभळा रंगही जातो. म्हणून निनहायड्रिनचे फोटो झालेत ना, हे पुन्हा एकदा बघा.

---

सूक्ष्मकण

पावडरवाल्यांची बाजू कुणी मांडली नाही :) घटनास्थळी दार, खिडकी, कपाट उचलून प्रयोगशाळेत नेता येत नाही. तिथे पावडरच.

गुळगुळीत काचेला अॅल्युमिनियम फ्लेक पावडर आणि काचतंतूंचा ब्रश सगळ्यात संवेदनशील. ब्रशच्या टोकाला अगदी नाममात्र पावडर. टोक पृष्ठभागावर तरंगतं ठेवायचं, रेषा दिसू लागल्या की त्यांच्या दिशेने दोन-तीन हलके हात, आणि थांबायचं. ठसा 'अजून थोडा उठू दे' म्हणून घासत राहणं हीच ठसा मारण्याची सगळ्यात प्रचलित रीत आहे. रेषांमधल्या खाचा पावडरने भरतात आणि मग त्या मोकळ्या होत नाहीत.

खरबरीत प्लॅस्टिकवर चुंबकी पावडर, कारण तिथे ब्रशचे केस नसतात, फक्त पावडरीचा झुबका टेकतो. कांडीचं टोक पृष्ठभागाला लागू द्यायचं नाही. लोखंडी पत्र्यावर ही पावडर नको, ती तिथेच चिकटून बसते.

दव पडलेल्या किंवा फ्रिजमधून काढलेल्या वस्तूवर पावडर लावली की चिखल होतो. वस्तू आपोआप वाळू द्या, पुसू नका. ओल्या वस्तूवर थेट काम करायचंच असेल तर मॉलिब्डेनम डायसल्फाइडचं स्मॉल पार्टिकल रिएजंट (बारीक कण मिसळलेला द्रव) फवारा आणि साध्या पाण्याने खळखळून घ्या.

उचलताना: फोटो आधी. टेप एका टोकापासून अंगठ्याने दाबत एका दमात बसवा. मधे थांबलात की तिथे आडवी रेघ. खडबडीत जागी जिलेटिन लिफ्टर (ठसा उचलून घेणारा जिलेटिनचा पत्रा) घ्या. आणि नोंद करा की जिलेटिनवरचा ठसा आरशातल्यासारखा उलटा असतो, पारदर्शक पत्र्यावर लावलेल्या टेपचा तसा नसतो. तुलना करणाऱ्याला हे सांगितलं नाही तर तो चुकीच्या दिशेची रचना शोधत बसतो. रंगाचंही तेच: काळ्या लिफ्टरवर अॅल्युमिनियमच्या रेषा पांढऱ्या, कागदावर निनहायड्रिनच्या रेषा गडद.

डीएनएची शक्यता असेल तर ब्रश प्रत्येक जागेला नवा. ब्रश एका ठिकाणचे कण दुसरीकडे नेतो.

---

पिवळा_गॉगल

@सूक्ष्मकण, घटनास्थळापुरतं मान्य. पण जी वस्तू पिशवीत घालून नेता येते तिच्यावर तिथेच पावडर मारू नये. सुपरग्लूनंतर पावडर चालते, पावडरीनंतर सुपरग्लू धड लागत नाही.

सुपरग्लूची वाफ ठशावर बसून पांढरं बहुलक (पॉलिमर) तयार होतं. चेंबरची आर्द्रता ८० टक्के ठेवण्यामागे कारण आहे. त्या ओलाव्यात बहुलकाचे लांब धागे गुंतून वाढतात, प्रकाश विखुरतात आणि पुढे रंग धरून ठेवतात. हवा कोरडी असली तर चपटा, जवळजवळ पारदर्शक थर बसतो. ठसा 'उमटलेला' असतो पण दिसत नाही आणि रंगही घेत नाही. आर्द्रता फार वाढवली तर वस्तूवर पाणी साचून पार्श्वभूमी पांढरी होते.

क्रम: वस्तू एकमेकींना न टेकता टांगा. त्याच जातीच्या प्लॅस्टिकच्या तुकड्यावर एक चाचणी-ठसा काचेजवळ लावा. आधी आर्द्रता ८० टक्क्यांवर येऊ द्या, मग अॅल्युमिनियमच्या वाटीतला गोंद १२० अंशांना तापवा. कपाटाएवढ्या चेंबरला दोन-तीन ग्रॅम पुरतात. चाचणी-ठसा पांढरा दिसू लागला की थांबवा. थोडं कमी झालं तर पुन्हा धूर देता येतो. जास्त झालं तर खाचा भरतात आणि ते उलटवता येत नाही. गोंद २०० अंशांपुढे तापवू नका, हायड्रोजन सायनाइड सुटण्याचा धोका असतो. दार उघडण्याआधी हवा पूर्ण बाहेर काढा.

रंगासाठी बेसिक यलो ४०: लिटरभर इथेनॉलमध्ये २ ग्रॅम, एक मिनिट ठेवून वाहत्या पाण्याने धुवायचं, निळ्या प्रकाशात पिवळ्या फिल्टरमधून बघायचं. धुरी दिल्यावर लगेच नको, काही तास बहुलक घट्ट होऊ द्या. वॉर्निश, पॉलिस्टायरीन यांना इथेनॉल खातं, तिथे पाण्यातलं द्रावण.

---

तळटीप

आणि चिकटपट्टी? चिकट बाजूवरचा ठसा सुपरग्लूने येतो असं एका ठिकाणी वाचलं.

---

कुपी

येतो कधीकधी, पण चिकट बाजूसाठी ती पहिली निवड नाही. आधी धुरी दिली तर नंतर पावडर सस्पेन्शन (द्रवात कालवलेली पावडर) नीट लागत नाही.

गुंडाळा असेल तर आधी सोडवायचा: उणे २० अंशांना गोठवून किंवा चिकट सोडवणाऱ्या द्रावकाचा थेंब थेंब सोडत. ओढून काढलीत तर गोंदाचा थरच दुसऱ्या बाजूला जातो आणि ठसाही त्याच्याबरोबर. सुटी झाल्यावर फिक्या पट्टीला आयर्न ऑक्साइडचं काळं सस्पेन्शन, काळ्या पट्टीला टायटॅनियम डायऑक्साइडचं पांढरं. घट्टपणा पातळ रंगासारखा, म्हणजे ब्रशवरून थेंब सावकाश ओघळला पाहिजे. मऊ ब्रशने लावा, १० ते १५ सेकंद थांबा, हलक्या धारेखाली धुवा. पार्श्वभूमी गेली नाही तर ब्रशने घासण्यापेक्षा धार वाढवा. गुळगुळीत बाजूला सुपरग्लू द्यायची असेल तर चिकट बाजू झाकून.

बेसिक व्हायोलेट ३ या रंगाची जुनी पद्धतही चालते. पण तिच्या कृतीत फिनॉल असतं, त्वचेतून शिरतं. सस्पेन्शन मिळत असताना तिच्या वाटेला जायची गरज उरत नाही.

---

निळावंती

रक्तातल्या ठशांचा विषय राहिलाय. तिथे सुपरग्लू आधी दिली तर रक्ताचे रंग नीट लागत नाहीत, म्हणून रक्त दिसत असेल किंवा संशय असेल तर क्रम वेगळा.

डीएनएसाठी नमुना आधी, तोही रेषा नसलेल्या डागातून. मग स्थिरीकरण: ५-सल्फोसॅलिसिलिक आम्लाचं २ टक्के द्रावण, ५ मिनिटं. हे केलं नाही तर रंगाच्या द्रावणात रक्त विरघळून रेषा वाहून जातात. मग अॅसिड ब्लॅक १: पाणी ७०० मिली, इथेनॉल २५० मिली, अॅसिटिक आम्ल ५० मिली, त्यात १ ग्रॅम रंग. तीन-चार मिनिटं. नंतर रंगाशिवायच्या त्याच मिश्रणाने धुवा, शेवटी पाणी.

हा रंग प्रथिनांना लागतो. दूध, अंडं, काहीही निळं-काळं होईल. त्यामुळे 'रंग धरला म्हणजे रक्त' असं अहवालात लिहिता येत नाही. ल्यूको क्रिस्टल व्हायोलेट रक्तातल्या हीम या लोहयुक्त घटकावर काम करतं, पण त्याचाही निष्कर्ष प्राथमिकच.

आणखी एक, फार दुर्लक्षित: दाब जास्त असेल तर रक्त रेषांवरून सरकून खाचांत जमतं. मग काळं दिसतं ते खाच असते आणि पांढरी रेषा. घामाची छिद्रं कुठल्या पट्टीत दिसतात ते बघा. छिद्रं नेहमी रेषेवरच असतात.

---

तळटीप

शेवटचा प्रश्न: ठसा किती जुना आहे हे यातल्या कशावरून सांगता येतं का?

---

क्षारकण

विश्वासाने नाही. उन्हात ठेवलेला ताजा ठसा क्षीण उमटतो आणि बंद फाइलमधला जुना ठसा झकास. उठाव कमी म्हणून जुना, हे अनुमान उलटतपासणीत टिकत नाही. कालमर्यादा हवी असेल तर ती वस्तूवरून काढा: पावतीवरची तारीख, काच शेवटची कधी पुसली गेली, पट्टी कधी गुंडाळली गेली.